मेलबर्नची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग: बाहेरून पाहणे पुरेसे आहे, की आत जावे?

सहलीची तयारी (पुणे)

नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, आम्ही धाकट्या दिरांकडे मेलबर्नला जाणार आहोत. बरोबर सासूबाई आहेत आणि यंदा आठवीत जाणारी मुलगी आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर त्या बेताने का होईना भरपूर चालतात. मुलीला इतिहासाची मनापासून आवड आहे आणि तिने स्वतःच शोधून कार्लटन गार्डन्समधल्या जुन्या प्रदर्शन इमारतीचे नाव आमच्या यादीत घातले आहे.

अडचण अशी की घरात यावर एकमत नाही. दिरांचे म्हणणे असे आहे की त्या उद्यानात जावे, कारंज्यासमोर छायाचित्रे काढावीत आणि शेजारच्या संग्रहालयात दिवस घालवावा, कारण प्रदर्शन इमारतीच्या आत एक मोठे रिकामे दालन आहे आणि तेही मार्गदर्शकाबरोबर गेल्याशिवाय पाहता येत नाही. मुलीला मात्र आत जायचेच आहे. संग्रहालयात मांडलेल्या वस्तू असतात, राजवाड्यात राजाच्या खोल्या असतात. प्रदर्शन संपून सव्वाशे वर्षे उलटलेल्या प्रदर्शनगृहात नेमके काय पाहायचे, हे मलाही तिला नीट सांगता आलेले नाही.

ज्यांनी ही वास्तू आतून पाहिली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. आत जाण्यासाठी मुद्दाम वेळ राखून ठेवावा का? ठेवल्यास काय पाहावे, आणि ज्येष्ठ व्यक्तीला ते झेपेल का?

यारा काठ

तुमच्या मुलीचे ऐकावे, असे मी आग्रहाने सांगेन. मी या शहरात बरीच वर्षे राहतो आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला या दालनात घेऊन जातो. बाहेरून पाहून परत फिरणारे लोक या वास्तूचा निम्म्याहून अधिक भाग न पाहताच जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दालन रिकामे आहे ही तुमच्या दिरांची माहिती खरी आहे, परंतु ती तक्रार म्हणून सांगण्यासारखी गोष्ट नाही. ही इमारत बांधली तेव्हाच ती भरण्यासाठी आणि पुन्हा मोकळी करण्यासाठी बांधली गेली. जगभरच्या देशांनी आपापला माल, यंत्रे, चित्रे आणि धान्ये आणून मांडावीत, काही महिन्यांनी ती उचलून न्यावीत आणि मग दुसऱ्या कोणीतरी तीच जागा वापरावी, अशी ती कल्पना होती. त्यामुळे दालन मोकळे असते तेव्हाच त्याच्या कमानी, सज्जे आणि घुमट एका नजरेत येतात. मी ते वार्षिक पुष्पप्रदर्शनाच्या गर्दीतही पाहिले आहे आणि निव्वळ मोकळेही पाहिले आहे. वास्तू समजून घ्यायची असेल तर मोकळे पाहावे.

मुलीला सांगण्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सोने सापडले आणि काही दशकांत मेलबर्न हे जगातल्या श्रीमंत शहरांपैकी एक झाले. हाती आलेला पैसा आणि त्याबरोबर आलेला आत्मविश्वास जगाला दाखवावा, या ईर्ष्येतून आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवण्याचे ठरले. वास्तुरचनाकार होते जोसेफ रीड. मेलबर्नचा टाउन हॉल आणि राज्य ग्रंथालयाची इमारत यांचे आराखडेही त्यांचेच आहेत. बांधकामाचा ठेका डेव्हिड मिचेल यांच्याकडे होता. पुढे जगभर कीर्ती मिळवलेल्या गायिका नेली मेल्बा या त्यांच्या कन्या. पायाभरणी १९ फेब्रुवारी १८७९ रोजी झाली आणि प्रदर्शनाचे उद्घाटन १ ऑक्टोबर १८८० रोजी, म्हणजे वीस महिन्यांच्या आत. पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत चाललेल्या त्या प्रदर्शनाला तेरा लाखांच्या आसपास प्रेक्षकसंख्या लाभली. १८८८ मध्ये याच ठिकाणी दुसरे, आणखी मोठे प्रदर्शन भरले आणि त्या वेळी दालनात विजेचे दिवे लावल्यामुळे लोकांना ते रात्रीही पाहता आले, जे त्या काळात जगातही अपूर्वाईचे होते.

आता आत काय पाहायचे ते सांगतो. इमारतीचा नकाशा क्रुसाच्या आकाराचा आहे, आणि लांबलचक मुख्य दालनाला आडवे दालन जिथे छेदते त्या चौकावर घुमट उभा आहे. जमिनीपासून त्याची उंची ६८ मीटर आहे. फ्लॉरेन्सच्या महामंदिराचा घुमट रीड यांच्या डोळ्यांसमोर होता. मार्गदर्शक बोलत असताना सगळे जण त्याच्याकडे पाहतात. तुम्ही मात्र बरोबर घुमटाखाली जाऊन थोडा वेळ वरच पाहावे. घुमटाच्या बुडाशी असलेल्या अष्टकोनी भागातल्या खिडक्यांतून उजेड तिरपा आत येतो आणि भिंतींवरच्या रंगांवर सरकत जातो. घुमटाला आधार देणाऱ्या चार कोपऱ्यांच्या त्रिकोणी भागांवर शांतता, युद्ध, संघराज्य आणि शासन यांची प्रतीके रंगवलेली आहेत. विटांची भिंत आणि साधा गिलावा यांच्यावर केवळ रंगाच्या बळावर दगडी कोरीवकामाचा आभास निर्माण केलेला आहे. खांबाजवळ जाऊन पाहिले की नक्षी सपाट असल्याचे लक्षात येते आणि चार पावले मागे सरकले की तीच उठावदार दिसू लागते. मुलीला हे मुद्दाम करून पाहायला सांगावे.

आज दिसतात ते रंग १८८० चे नाहीत, १९०१ चे आहेत. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सहा वसाहतींचे मिळून एक संघराज्य झाले आणि पहिल्या संसदेचे उद्घाटन करण्यासाठी या दालनाएवढी मोठी दुसरी जागा नसल्याने, जॉन रॉस अँडरसन यांच्याकडून ते सगळे नव्याने रंगवून घेण्यात आले. ९ मे १९०१ रोजी, पुढे पाचवे जॉर्ज म्हणून राजे झालेल्या युवराजांनी इथे संसदेचे उद्घाटन केले. सुमारे बारा हजार निमंत्रित हजर होते. राणी व्हिक्टोरियाचे जानेवारीत निधन झाले असल्याने सुतकामुळे बहुतेकांचा पोशाख काळा होता. चित्रकार टॉम रॉबर्ट्स यांनी त्या समारंभाचे प्रचंड चित्र काढले. नंतरच्या दशकांत भिंतींवर साधे रंग चढत गेले आणि १९९० च्या दशकातल्या जीर्णोद्धारात १९०१ ची रंगसंगती पुन्हा साकारण्यात आली. तुमच्या मुक्कामात ९ मे येतो आहे. शक्य असेल तर त्याच्या आसपासचा दिवस निवडावा. इतिहासाची आवड असलेल्या मुलीला त्याचे अप्रूप वाटेल.

भायखळा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. माझी सूचना थोडी वेगळी आहे: विमान मुंबईहून असेल तर मेलबर्नच्या आधी मुलीला राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवावे. या दोन वास्तूंचे नाते वरवरचे नाही.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ मध्ये काच आणि लोखंडाच्या प्रचंड मंडपात जे महाप्रदर्शन भरले, त्यानंतर जगभर अशा प्रदर्शनांची लाट आली. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या आणि कच्च्या मालाच्या वस्तू गोळा करण्यात आल्या, आणि त्या निमित्ताने शहरासाठीही एक संग्रह उभा राहिला. १८५७ च्या धामधुमीत त्याची वाताहत झाली. पुढे जॉर्ज बर्डवूड आणि डॉ. भाऊ दाजी यांनी पाठपुरावा केला, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांनी पाठबळ दिले, आणि २ मे १८७२ रोजी भायखळ्याच्या उद्यानात संग्रहालयाची इमारत लोकांसाठी खुली झाली. बागेत फिरायला यावे आणि फिरता फिरता जगात काय बनते ते पाहून जावे, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. आतले लोखंडी खांब, वरचा सज्जा, रंगीत फरशी आणि छताची नक्षी पाहून गेलेल्या मुलीला मेलबर्नच्या दालनात पाऊल ठेवताच ओळखीचे वाटेल, आणि मग दोन्हींतला फरकही तिचा तिलाच दिसेल: आपल्याकडे वस्तू कायमच्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी इमारत झाली, तिथे इमारत राहिली आणि वस्तू येत-जात राहिल्या. बुधवारी राणीची बाग आणि संग्रहालय बंद असते. मध्यंतरी संग्रहालयाचे दुरुस्तीकाम झाले आहे, त्यामुळे जाण्याआधी वेळांची खात्री करून घ्यावी.

मेलबर्नच्या इमारतीचे मोल कळण्यासाठी तिच्या भावंडांचे काय झाले हे माहीत हवे. लंडनचा तो काचेचा महाल हाइड पार्कमधून हलवून सिडनहॅमला उभारला गेला आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून खाक झाला. सिडनीने मेलबर्नच्या एक वर्ष आधी, १८७९ मध्ये, आपल्या उद्यानात ‘गार्डन पॅलेस’ नावाचा भव्य महाल बांधला होता. तो २२ सप्टेंबर १८८२ रोजी जळाला आणि त्याबरोबर १८८१ च्या जनगणनेची कागदपत्रे आणि आदिवासी समाजांच्या असंख्य वस्तूही गेल्या. फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या प्रदर्शनातले मेमोरियल हॉल टिकून आहे, पण आज त्यात मुलांचे संग्रहालय चालते. मूळ उद्यानात, मूळ जागी उभे असलेले आणि अजूनही प्रदर्शनेच भरवणारे त्या काळातले मोठे दालन म्हणून मेलबर्नचे नाव घ्यावे लागते. २००४ मध्ये युनेस्कोने उद्यानासह या इमारतीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या इमारतीला तो प्रथमच मिळाला.

तीही सहजासहजी वाचलेली नाही. १९४८ मध्ये ती पाडावी का, यावर नगरपरिषदेत मतदान झाले आणि थोडक्या मतांनी ती बचावली. १९५३ मध्ये पूर्वेकडचे मत्स्यालय आगीत गेले, आणि १९७९ मध्ये तिचे भव्य नृत्यदालन पाडले तेव्हा लोकांमध्ये मोठा संताप उसळला. राहिलेल्या भागाला पुढे हात लागला नाही, यात त्या संतापाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. लोकांनी वेळीच आवाज उठवला नाही तर वास्तू कशा जातात हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या सत्राची विद्यार्थिनी

मी या दालनात पर्यटक म्हणून पहिल्यांदा गेलेच नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी मेलबर्नला आले आणि विद्यापीठाच्या परीक्षेसाठी इथे बसले. बाकांच्या रांगा घुमटाखालून पार दालनाच्या टोकापर्यंत गेलेल्या होत्या, आणि पर्यवेक्षकांच्या बुटांचा लाकडी जमिनीवरचा आवाज लांबून जवळ येई आणि पुन्हा लांब जाई. उत्तर सुचेना की सगळेच वर पाहत. पेपर बरा गेला. पण छत जास्त चांगले लक्षात राहिले आहे.

हे सांगण्याचे कारण असे की ‘आत काय आहे’ याचे उत्तर माझ्या मते ‘आत आजवर कोण कोण होते’ हे आहे. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ शहरात पसरली तेव्हा या दालनात खाटा टाकून रुग्णालय उभे केले होते. शंभर वर्षांनंतर, २०२१ मध्ये, कोविडची लस घेण्यासाठी शहरातले लोक याच घुमटाखाली रांगेत उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात इथे हवाई दलाचा तळ होता. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल, भारोत्तोलन आणि कुस्तीच्या स्पर्धा इथे झाल्या. त्याआधीच्या, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे आपले खाशाबा जाधव गुडघ्याच्या दुखापतीमुळे मेलबर्नला जाऊ शकले नाहीत. कुस्तीच्या मॅट कुठे टाकल्या असतील याचा अंदाज घेत मी दालनातून फिरते तेव्हा मला त्यांची आठवण येतेच.

एक गोष्ट मात्र मुलीला स्पष्टपणे सांगावी, कारण मार्गदर्शक ती प्रत्येक वेळी सांगतीलच असे नाही. १८८० च्या प्रदर्शनात दालनात मोठ्या अक्षरांत लिहिले होते की व्हिक्टोरिया सर्व राष्ट्रांचे स्वागत करते. १९०१ मध्ये याच छताखाली ज्या संसदेचे उद्घाटन झाले, तिने त्याच वर्षाच्या अखेरीस स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. येणाऱ्याची परीक्षा अधिकारी ठरवेल त्या युरोपीय भाषेतल्या श्रुतलेखनाने घ्यायची, अशी त्यात तरतूद होती, आणि तिचा खरा हेतू आशियातल्या माणसांना, म्हणजे आपल्यालाही, बाहेर ठेवणे हा होता. ही श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात राहिली. महायुद्धानंतर याच आवारात युरोपातून येणाऱ्या निर्वासितांसाठी आणि स्थलांतरितांसाठी निवासाची सोय होती, ती १९६२ पर्यंत चालली; त्या बराकींत आपल्याकडच्या माणसाला जागा मिळणे अवघड होते. आज मेलबर्नमध्ये गणेशोत्सव धूमधडाक्यात होतो, मराठी शाळा भरतात, आणि आपली मुले याच दालनात बसून परीक्षा देतात. मी परीक्षेला बसले तेव्हा मला यातले काही माहीत नव्हते. माहीत झाल्यापासून मला हे दालन अधिक आपले वाटू लागले आहे.

एक व्यावहारिक सूचना: विद्यापीठाच्या परीक्षा जून आणि नोव्हेंबरमध्ये असतात, आणि दालन एखाद्या कार्यक्रमासाठी दिलेले असले की दर्शनफेऱ्या बंद असतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात परीक्षांची अडचण येऊ नये, तरीही तारीख आधी पाहूनच दिवस ठरवावा.

सहलीची तयारी (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. खाशाबा जाधवांचा उल्लेख आल्यावर सासूबाईही येऊन बसल्या, कारण त्यांचे माहेर कराडचे आहे आणि गोळेश्वर हे खाशाबांचे गाव तिथून अगदी जवळ. आत जायचे हे आता नक्की झाले आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. घुमटाच्या बाहेरच्या गच्चीवर जाता येते असे वाचले. सासूबाईंनी तिथे जावे का? आणि आम्ही वर असताना त्यांना उद्यानात बसायचे असेल तर कुठे बसावे, काय पाहावे?

कार्लटनची वाट

उद्यानाबद्दल मी लिहितो, कारण माझा रोजचा रस्ता तिथूनच जातो आणि इमारतीच्या कौतुकात उद्यानाकडे नेहमीच दुर्लक्ष होते. युनेस्कोने दर्जा दिला तो दोघांना मिळून दिला आहे, हे लक्षात ठेवावे.

कार्लटन गार्डन्स सुमारे सव्वीस हेक्टरांवर पसरलेले आहे. प्रदर्शनाच्या वेळी विल्यम सँगस्टर यांनी त्याची नव्याने आखणी केली. दक्षिणेकडचा, म्हणजे शहराकडचा भाग काटेकोर आहे: लांब सरळ वाटा, दुतर्फा झाडे, फुलांचे ताटवे, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला घुमट दिसेल अशी रचना. उत्तरेकडचा भाग प्रदर्शनाच्या वेळी तात्पुरत्या मंडपांनी भरलेला होता. मंडप काढल्यावर तिथे पुन्हा बाग झाली आणि ती अधिक मोकळीढाकळी आहे. आज दोन्हींच्या मध्ये २००० मध्ये उघडलेले मेलबर्न म्युझियम उभे आहे. जुन्या वास्तूच्या पाठीशी एवढे आधुनिक बांधकाम का केले, असे अनेक जण विचारतात. मला स्वतःला ते खटकत नाही, कारण दक्षिणेकडून घुमटाकडे पाहताना ते मध्ये येत नाही.

सासूबाईंसाठी माझी पसंती दक्षिणेकडच्या दारासमोरच्या मोठ्या कारंज्याजवळच्या बाकाला आहे. १८८० च्या प्रदर्शनासाठी जोसेफ होखगुर्टेल या शिल्पकाराने हे कारंजे घडवले. लांबून ते युरोपातल्या कुठल्याही शहरात शोभेल असे वाटते. जवळ गेले की त्यात ऑस्ट्रेलियातल्या वनस्पती आणि प्राणी कोरलेले दिसतात. तिथे बसल्यावर समोर घुमट आणि मागे एल्म आणि प्लेन वृक्षांच्या रांगा येतात. तुम्ही याल तेव्हा तिथे पानगळीचे दिवस असतील आणि ही झाडे पिवळी पडलेली असतील. युरोपात एका बुरशीजन्य रोगाने एल्मची कोट्यवधी झाडे मेली. तो रोग ऑस्ट्रेलियात पोचलेला नसल्याने इतक्या जुन्या एल्मच्या सलग रांगा पाहायला लोक मुद्दाम या शहरात येतात. हवा मात्र गार असेल आणि ती क्षणात बदलते, तेव्हा सासूबाईंची शाल आणि छत्री जवळच असू द्यावी.

चालण्याची तयारी असेल तर उद्यानाच्या फिट्झरॉयकडच्या कडेला, गर्ट्रूड रस्त्याच्या तोंडाशी असलेले मॉर्टन बे अंजिराचे झाड जरूर पाहावे. ते आपल्या वडाच्याच कुळातले आहे आणि बुंध्याचा घेर पाहून सासूबाईंना वटपौर्णिमेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात फिट्झरॉयमधले आदिवासी समाजाचे लोक या झाडाखाली जमत. डग निकोल्स, बिल ओनस, मार्गारेट टकर यांच्यासारख्या नेत्यांनी आपल्या लोकांच्या हक्कांसाठी इथे भाषणे केली. ही भूमी वुरुंजेरी लोकांची आहे. आतल्या दालनात नव्या राष्ट्राची संसद सुरू झाली आणि त्या राष्ट्रात ज्यांना धड नागरिक म्हणूनही मोजले जात नव्हते ते बाहेरच्या झाडाखाली सभा घेत होते. या दोन जागांमध्ये चालत जाण्यासारखे अंतर आहे, आणि मुलीला ते चालत जाऊनच दाखवावे.

जुना चष्मा

एक वेगळे मत नोंदवतो. घुमटाच्या गच्चीचा सध्या फार गवगवा आहे. १८८० मध्ये प्रेक्षक वर जाऊन शहर पाहत असत, नंतर ती अनेक दशके बंद होती आणि २०२२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा खुली झाली, हे सगळे खरे आहे. वरून संसद भवन, सेंट पॅट्रिक चर्चचे मनोरे आणि उद्यानाच्या वाटांची आखणी फार सुंदर दिसते. परंतु ज्यांच्याकडे वेळ किंवा ताकद कमी आहे त्यांनी गच्चीपेक्षा दालनाला वेळ द्यावा. शहराचे दृश्य इतर उंच इमारतींवरूनही दिसते. हे दालन जगात दुसरीकडे नाही. गच्चीच्या फेरीत दालन वरच्या सज्जावरून दिसते, पण खाली मधोमध उभे राहण्यात जे आहे ते त्यात नाही.

उरलेल्या वेळात उद्यानाच्या नैर्ऋत्येला, रसेल रस्त्यावरच्या जुन्या तुरुंगापर्यंत चालत जाता येते. नेड केली या दरोडेखोराला ११ नोव्हेंबर १८८० रोजी तिथे फाशी दिली, तेव्हा प्रदर्शन ऐन भरात होते. तुरुंगाचे आतले वातावरण उदास आहे, तेव्हा मुलीला दाखवायचे की नाही हे तुम्ही ठरवावे.

यारा काठ

वरच्या प्रतिसादाशी मी जवळजवळ सहमत आहे. फरक एवढाच की मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे, तेव्हा तिला आणि तुम्हाला गच्चीही दाखवावी आणि सासूबाईंनी फक्त दालनाची फेरी करावी. गच्चीच्या फेरीत तळघरातले प्रदर्शनही येते. चढ-उतार किती, आणि गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीसाठी काय सोय करता येईल, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

तुमच्या गरजेनुसार मी दिवस असा आखेन. सकाळी रेल्वेने पार्लमेंट स्थानकावर उतरावे आणि निकोल्सन रस्त्याने सावकाश चालत यावे, किंवा त्याच रस्त्याने जाणारी ८६ किंवा ९६ क्रमांकाची ट्राम पकडावी; सासूबाईंसाठी ट्राम बरी. संग्रहालयापाशी न उतरता एक थांबा आधी उतरून उद्यानात दक्षिणेकडून शिरावे, कारण सरळ वाटेने चालताना घुमट हळूहळू मोठा होत जातो आणि इमारतीची खरी ओळख त्या बाजूनेच होते. दर्शनफेऱ्या संग्रहालयातून निघतात, तेव्हा इमारतीला वळसा घालून उत्तरेकडे जायला वेळ हाताशी ठेवावा. तिकिटे आधीच काढून ठेवावीत, विशेषतः शनिवार-रविवारी.

दालनाची फेरी सकाळची घ्यावी. त्यानंतर सासूबाईंना कारंज्यापाशी किंवा पाऊस असल्यास संग्रहालयाच्या उपाहारगृहात बसवून तुम्ही दोघी गच्चीवर जाऊन यावे. दुपारी संग्रहालयात बुंजिलाका हे आदिवासी संस्कृतीचे दालन आधी पाहावे आणि मग फार लॅप या प्रसिद्ध शर्यतीच्या घोड्याकडे वळावे. बाकीचे जमेल तेवढे पाहावे, सगळे पाहण्याच्या हट्टाने सासूबाईंना दमवू नये. आणि दिरांनाही दालनाच्या फेरीचे तिकीट काढायला विसरू नका.